विमानाला किती वेळ लागेल? सरळ अंतरापासून घराच्या दारापर्यंतचा हिशोब

तिकीट काढायचं ठरलं की भाड्यानंतरचा पहिला प्रश्न असतो, ‘किती तास लागतात?’ याचं एका आकड्यात उत्तर देणारी मंडळी पुष्कळ भेटतात. कुणी तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करतं, कुणी मोबाइलवर अंतर बघून ताशी ९०० किलोमीटरने भागतं, कुणी गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांना विचारतं. तिन्ही उत्तरं वेगवेगळी येतात, कारण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

विमानप्रवासात खरं तर चार वेळा असतात. चाकं धावपट्टीवरून उचलली गेल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा हवेतला वेळ. एका गेटवरून निघून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा वेळ, ज्याला या धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात. दोन देशांच्या घड्याळांमुळे तिकिटावर दिसणारा फरक. आणि तुमच्या घराच्या दारापासून पोचायच्या दारापर्यंतचा वेळ. सुट्टी किती टाकायची, घ्यायला कुणाला कधी बोलवायचं, पुढचं विमान कोणतं घ्यायचं, या सगळ्याची उत्तरं यातल्या वेगवेगळ्या वेळेवर ठरतात. खाली मुंबई–लंडन आणि मुंबई–दिल्ली हे दोन मार्ग घेऊन पूर्ण हिशोब मांडतो. रीत कळली की कुठल्याही दोन विमानतळांसाठी तुम्ही तो स्वतः करू शकाल.

आधी विमानतळ नक्की करा

‘गोव्याला जायचंय’ एवढं आता पुरत नाही. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. दाबोळीचा कोड जीओआय, मोप्याचा जीओएक्स. मोप्याहून प्रवासी विमानं जानेवारी २०२३ पासून सुटतात आणि तो पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या माणसाला मोपा सोयीचा. मडगाव, काणकोणकडे जाणाऱ्याने मोप्याचं तिकीट काढलं तर अख्खा गोवा उभा ओलांडावा लागतो. विमानाच्या वेळेत दोन-चार मिनिटांचा फरक, रस्त्यावर मात्र तास-दीड तासाचा.

मुंबईचंही आता तसंच. सहार–सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम. नवी मुंबईचा एनएमआय, तिथून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं सुरू झाली. पनवेल, उरण, पुण्याकडच्या लोकांना तो जवळ, बोरिवली–वसईकरांना लांब. लंडनच्या आसपास हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी असे विमानतळ आहेत. न्यूयॉर्कला जेएफके आहे आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत न्यूअर्क आहे. तिथल्या एडिसनला राहणाऱ्या मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना न्यूअर्कच बरा पडतो. तेव्हा कागदावर शहराचं नाव न लिहिता तीन अक्षरी कोड लिहा. पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा राहतो.

सरळ अंतर काढा

पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे पृथ्वीचं केंद्र हाच ज्याचा मध्य आहे अशा वर्तुळाचा तुकडा. शाळेच्या भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा आणि हा रस्ता एक नसतात. मुंबई–लंडन रेषा नकाशावर आखातावरून, इराकवरून गेल्यासारखी दिसते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांना दोरा ताणून लावा. दोरा सौराष्ट्राच्या बाजूने बलुचिस्तानात शिरतो, आग्नेय इराणवरून वर चढतो, बरोब्बर अर्ध्या वाटेवर जॉर्जिया–आर्मेनियाच्या सीमेजवळ येतो, काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा धरतो, युक्रेनवरून मध्य युरोपात उतरतो आणि मग लंडन गाठतो. हे देश लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत ते लागणार आहेत.

आकडा काढायचा सोपा मार्ग म्हणजे संगणकावर गूगल मॅप्स उघडून पहिल्या विमानतळावर उजवं क्लिक करणं आणि ‘अंतर मोजा’ निवडणं. दुसऱ्या विमानतळावर क्लिक केलं की अंतर येतं आणि रेषा वाकडी दिसते. ती वाकडी दिसते हीच ती बरोबर असल्याची खूण.

ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे. फोन आडवा धरला की साइन, कोसाइनची बटणं येतात. कॅल्क्युलेटर रेडियनवर नसून डिग्रीवर आहे ना, हे आधी बघा. इथेच सगळ्यांचं गणित चुकतं. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. हीथ्रोचा अक्षांश ५१.४८ उत्तर, रेखांश ०.४६ पश्चिम. पूर्व अधिक, पश्चिम उणे, म्हणून रेखांशांतला फरक ७३.३३ अंश.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७१ गुणिले ०.७८२४, म्हणजे ०.२५५९. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.६२२८ गुणिले ०.२८६९, म्हणजे ०.१६८८. दोन्हींची बेरीज ०.४२४७. या आकड्याचा उलटा कोसाइन (cos⁻¹ हे बटण) घेतला की ६४.८७ अंश मिळतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर असा एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर.

यात एक छान गोष्ट दडलेली आहे. वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, ते सागरी मैल वापरतात, आणि एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. म्हणून ६४.८७ ला ६० ने गुणलं की थेट ३,८९२ सागरी मैल मिळतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. कोणी अंतर मैलांत सांगितलं तर हे मैल रस्त्यावरचे १.६०९ किलोमीटरचे की सागरी, हे विचारून घ्या. दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

याच रीतीने काढलेली काही अंतरं: मुंबई–दाबोळी ४२५ किलोमीटर, मुंबई–दिल्ली ११३८, पुणे–दिल्ली ११५६, मुंबई–दुबई १९२६. आणि अनेकांना नवल वाटतं ते हे की लंडन दिल्लीहून ६,७३० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पावणेपाचशे किलोमीटरने जवळ आहे. दिल्ली पूर्वेला असली तरी बरीच उत्तरेला आहे, आणि लंडनचा रस्ता उत्तरेतून जातो.

प्रत्यक्ष मार्ग: दोरा कुठे तुटतो

सरळ अंतर हे किमान अंतर. विमान त्याहून जास्तच उडतं. उड्डाण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून होतं, मग वळसा घेऊन मार्गाला लागायचं, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जायचं, उतरताना पुन्हा रांगेत लागायचं. मुंबई–दिल्लीसारख्या टप्प्याला मी यासाठी पाच टक्के जास्त धरतो, म्हणजे ११३८ चे १२००.

लांबच्या मार्गावर मोठा वळसा पडतो तो राजकारणामुळे. वर दोऱ्याखाली आलेले देश आठवा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे महिन्यामहिन्याने ती बंदी वाढवत नेली. भारतानेही ३० एप्रिलला पाकिस्तानी कंपन्यांसाठी तेच केलं. याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर ती हद्द फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत बंद होती. इराणवरून जाणं अनेक पाश्चात्त्य कंपन्या टाळतात. जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण संघर्षात आखातातली काही आकाशंही अचानक बंद झाली आणि अर्ध्या वाटेवरून विमानं परत फिरली.

याचा तुमच्या हिशोबाशी थेट संबंध आहे. मुंबईहून पश्चिमेला जाणारं विमान अरबी समुद्रावरून, ओमान किंवा सौदीच्या बाजूने वाट काढू शकतं, त्यामुळे त्याला झळ तुलनेने कमी बसते. दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानाला मात्र आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग समुद्र गाठावा लागतो. दिल्लीचे ते पावणेपाचशे किलोमीटर तिथेच संपतात. परदेशी कंपनीला ती बंदी लागू नाही. म्हणून तेच दोन विमानतळ, तशाच जातीचं विमान, आणि तरी दोन कंपन्यांच्या वेळापत्रकात तासाभराचा फरक दिसू शकतो. तिकीट स्वस्त वाटलं तरी दोन्हींचे तास शेजारी शेजारी लिहून बघा. मुंबई–लंडनसाठी मी ७,२१० ऐवजी ७,६०० किलोमीटर धरून चालतो.

वेग आणि वारा

आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर उडणारी एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.७८ पट वेगाने जातात. लांब पल्ल्याचं बोइंग ७८७ साधारण ०.८५ पट. पस्तीस हजार फुटांवर हवा उणे ५४ अंशांच्या आसपास असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी साधारण १०६५ किलोमीटर. म्हणजे पहिल्यांचा वेग ताशी ८३० च्या आसपास, दुसऱ्याचा ९०५ च्या. छोट्या विमानतळांवर जाणारं पंख्यांचं एटीआर असेल तर ५०० च्या आसपासच.

पण हा वेग हवेतून जाण्याचा आहे, जमिनीवरून नाही. हवाच वाहत असेल तर विमान तिच्याबरोबर वाहतं. आपल्या उत्तरेकडून, हिवाळ्यात साधारण उत्तर भारतावरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह नावाचा जोरदार वारा वाहतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. पावसाळ्यात तो हिमालयाच्या पलीकडे सरकतो. युरोपात आणि अटलांटिकवरही वारा मुख्यतः पश्चिमेकडूनच येतो. म्हणून भारतातून युरोप-अमेरिकेला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, फरक पडतो तो वाऱ्याने.

वारा किती ताकदवान असतो याची दोन उदाहरणं माझ्या आवडीची आहेत. ९ फेब्रुवारी २०२० ला सिआरा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा त्याचा वेग ताशी १३०० किलोमीटरच्या वर गेला होता, हवेतून मात्र ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. दुसरं आपलं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने पहिल्यांदा पूर्वेकडून पॅसिफिकवरून जायचं ठरवलं. मार्ग झाला सुमारे १५,३०० किलोमीटरचा, आणि तरी साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर ते पोचलं, कारण वारा सगळी वाट पाठीशी होता. चौदाशे किलोमीटर जास्त आणि दोन तास कमी. अंतरावरून वेळ काढताना वारा सोडून दिला तर गणित किती चुकू शकतं, ते यातून दिसतं.

आता वेळ काढा

मुंबई–लंडन. वर्षभराचा सरासरी समोरचा वारा ताशी ६० किलोमीटर धरला तर जमिनीवरचा वेग ९०५ उणे ६०, म्हणजे ८४५. ७,६०० ला ८४५ ने भागलं की ९ तास. वर चढताना आणि खाली उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्याची २० मिनिटं. हवेतला वेळ झाला ९ तास २० मिनिटं. मुंबईत गेटवरून निघून धावपट्टीवर नंबर लागेपर्यंत वीसेक मिनिटं, हीथ्रोला उतरल्यावर गेटपर्यंत पंधरा. ब्लॉक टाइम ९ तास ५५ मिनिटं, म्हणजे दहा तासच. येताना तोच वारा पाठीशी घ्या: ९६५ ने भागून ७ तास ५३ मिनिटं, त्यात २० आणि ३५ मिळवून पावणेनऊ तास. वेळापत्रकं उघडून बघितलीत तर आकडे याच्याच आसपास दिसतील.

मुंबई–दिल्ली. १२०० ला ८३० ने भागून १ तास २७ मिनिटं, चढ-उताराची १५, जमिनीवरची ३०. एकूण २ तास १२ मिनिटं.

एवढं करायला वेळ नसेल तर मी एक झटपट सूत्र वापरतो: सरळ अंतराला ८०० ने भागा आणि ४५ मिनिटं मिळवा. मुंबई–दाबोळी सव्वा तास, मुंबई–दिल्ली २ तास १०, मुंबई–दुबई ३ तास १०, मुंबई–लंडन ९ तास ४५. एटीआर असेल तर ८०० च्या जागी ४५० घ्या. दहा तासांपेक्षा लांबच्या प्रवासाला मात्र हे सूत्र वापरू नका. तिथे वारा आणि वळसा मिळून ते तासाभराने चुकतं.

वेळापत्रकात छापलेला वेळ हा ब्लॉक टाइम असतो आणि त्यात कंपनीने थोडी उसंत राखलेली असते. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान वेळेवर धरलं जातं, त्यामुळे उसंत ठेवण्यात कंपनीचाही फायदा असतो. ‘अर्धा तास उशिरा निघालं, पण वेळेवर पोचलं’ हे त्यामुळेच घडतं.

घड्याळाचा गोंधळ

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाने, पोचायची लंडनच्या. थेट वजाबाकी केली की गणित फसतं.

पक्की रीत अशी: दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजा करा. आपली वेळ साडेपाच तास पुढे, वर्षभर. ब्रिटन हिवाळ्यात शून्यावर, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास पुढे. दुबई चार तास पुढे, बारा महिने. समजा जानेवारीत मुंबईहून पहाटे २ ला निघून हीथ्रोला सकाळी ६.३० ला पोचायचंय. तिकिटावर साडेचार तास दिसतात. मुंबईचे पहाटेचे २ म्हणजे जागतिक वेळेने आदल्या रात्रीचे ८.३०. तिथून सकाळी ६.३० पर्यंत दहा तास. परत येताना उलटं: लंडनहून रात्री ९ ला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला पोचलं तर तिकीट साडेचौदा तास दाखवतं, प्रवास नऊ तासांचाच असतो. आईवडिलांना हे आधी सांगून ठेवा. ‘साडेचौदा तास बसवणार नाही’ म्हणून बेत रद्द करायला निघालेली माणसं असतात.

अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपच्या तारखा वेगळ्या. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये आठवडाभर लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक नेहमीच्या पाच तासांऐवजी चार असतो. लंडनला विमान बदलून अमेरिकेला जाणाऱ्यांच्या घरच्यांनी या दिवसांत फोन करायची आणि घ्यायला जायची वेळ नीट तपासावी. पोचायच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर तो दुसरा दिवस.

सगळ्यात महाग पडणारा घोटाळा मात्र मध्यरात्रीचा आहे. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं रात्री बारा ते पहाटे चारच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर ‘१५ मे, ००.४०’ असेल तर १४ मेच्या संध्याकाळी जेवून घराबाहेर पडायचं असतं. आपल्या बोलण्यात ‘पंधराची रात्र’ म्हणजे पंधराचा दिवस संपल्यावरची रात्र, आणि त्या हिशोबाने विमानतळावर गेलेल्या माणसाचं विमान चोवीस तासांपूर्वी गेलेलं असतं. तारखेसोबत वार लिहा, आणि शक्य तर ‘बुधवारी रात्री घरून निघायचं’ असं निघायच्या वेळेनेच कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

खरं काय घडतं ते पडताळा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या वेबसाइटवर विमानाचा क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांची नोंद दिसते: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष उड्डाण, प्रत्यक्ष उतरणं. आठवड्याभराच्या नोंदी बघा. सरासरी काढू नका. सगळ्यात उशिराचा दिवस आणि त्याखालोखाल उशिराचा, हे दोन बघा आणि पुढचं नियोजन दुसऱ्या क्रमांकाच्या उशिरावर करा. सरासरीवर केलेलं नियोजन निम्म्या वेळा कोसळतं.

नोंदी बघताना मोसम ध्यानात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं पहाटेचं धुकं सकाळची सगळी साखळी मागे ढकलतं, आणि तेच विमान दिवसभर फिरत असल्याने संध्याकाळी पुण्या-नागपूरलाही त्याचा फटका बसतो. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवरून एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. जोराच्या पावसात उतरणाऱ्या विमानांतलं अंतर वाढवावं लागतं, मग पालघर-वसईच्या डोक्यावर घिरट्या सुरू होतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी धावपट्ट्या काही तास बंद असतात, त्याची तारीख आधी जाहीर होते. सकाळचं पहिलं विमान शक्यतो घ्या असं मी सांगतो, कारण आदल्या फेरीचा उशीर त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात मात्र दुपारचं बरं.

दारापासून दारापर्यंत

बहुतेक भारतीय कंपन्या देशांतर्गत प्रवासात सुटण्याच्या ६० मिनिटं आधी सामानाचा काउंटर बंद करतात आणि २५ मिनिटं आधी गेट. म्हणून देशांतर्गतला दोन तास आणि परदेशी प्रवासाला तीन-साडेतीन तास आधी विमानतळावर असावं. त्यामागे घरापासूनचा रस्ता मोजा. नाशिकहून मुंबईच्या विमानतळाला जाताना कसाऱ्याचा घाट आणि भिवंडी लक्षात घेऊन पाच तास धरा. पुण्याहून द्रुतगती मार्गाने चार, शनिवार-रविवारी पाच. उतरल्यावर सामान मिळून बाहेर यायला देशांतर्गत अर्धा-पाऊण तास, परदेशी इमिग्रेशनला दीड-दोन तास.

या हिशोबात सव्वा तासाचं मुंबई–गोवा विमान ठाण्याच्या माणसाला दारापासून दारापर्यंत सहा तासांचं पडतं. मुंबई–मडगाव वंदे भारत पावसाळा सोडून पावणेआठ तासांत जाते, वाटेत रत्नागिरी-कणकवली लागतात. कणकवलीला उतरायचं असेल तर गाडीच घ्यावी, असं मी स्पष्ट सांगेन. पावसाळी वेळापत्रकात मात्र गाड्या हळू चालतात, तेव्हा पुन्हा हिशोब करा.

विमान बदलायचं असेल तर एकच गोष्ट विचारा: दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये आहेत का? असतील तर पहिलं उशिरा आल्यावर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं असतील तर दुसरं विमान गेलं की पैसे गेले. अशा वेळी परदेशातून येऊन मुंबईत देशांतर्गत विमान पकडायला चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. टर्मिनल १ आणि २ एकाच विमानतळाची असली तरी त्यांच्यात रस्त्याने जावं लागतं, आणि पुढचं विमान नवी मुंबईहून असेल तर ते दुसरं गावच समजा. भारतात आणि अमेरिकेत साधारणपणे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन आणि सामान घेणं होतं. पुण्याचा टॅग लावलेली बॅगही दिल्लीत पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावी लागू शकते. चेक-इन करतानाच काउंटरवर विचारून घ्या.

उशीर झाला तर हेच आकडे हातात ठेवा

काढलेले आकडे नियोजनानंतरही उपयोगी पडतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे उशिराच्या वेळी खाणंपिणं कधी द्यायचं हे ब्लॉक टाइमवर ठरतं: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास आणि त्याहून लांबच्याला चार तास. मुंबई–दिल्ली पहिल्या गटात, मुंबई–दुबई दुसऱ्या, मुंबई–लंडन तिसऱ्या. गेटवर ताटकळताना हे माहीत असलेला माणूस शांतपणे मागू शकतो.

ब्रिटन आणि युरोपच्या नियमांत भरपाई सरळ अंतरावर ठरते, आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. तुमचं विमान वळसा घालून किती किलोमीटर उडालं याला तिथे किंमत नाही. लंडन–मुंबई ७,२१० किलोमीटर असल्याने ते साडेतीन हजारांवरच्या गटात येतं. कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशिरा पोचलं तर माणशी ५२० पौंड. लंडनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे. मुंबईहून लंडनला जाताना मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. खराब हवामान, बंद झालेलं आकाश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना पैसे मिळत नाहीत, त्यामुळे उशिराचं कारण काउंटरवर लेखी मागा आणि विमानाचं दार उघडलं ती वेळ लिहून ठेवा. पोचण्याची वेळ तीच धरली जाते, चाकं टेकली ती नव्हे.